बदललेले जेट

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध आठवीतच तुटला होता, आणि तोही त्यांनी आपण होऊन तोडला होता. पण कार्बोरेटर उघडून टेबलावर मांडला की त्यांना शिकवल्याशिवाय राहवत नसे. समोरच्याला शिकायचं असो वा नसो.

"हे बघा, इंजिन म्हणजे श्वास घेणारं जनावर," ते सुरू करत. "हवा ओढतं. ती हवा या गळ्यातून जाताना पेट्रोल ओढून घेऊन जाते. किती न्यायचं ते कोण ठरवतं? हा!" आणि चिमटीत धरलेला करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवत. त्या स्क्रूच्या पोटातून आरपार एक बारीक भोक असायचं. त्याला जेट म्हणतात. भोक किती मोठं, त्याचा नंबर डोक्यावर कोरलेला असतो. नंबर पाचापाचाने चढतात, आणि नंबर वाढला की पेट्रोल वाढतं. मास्तरांची अवघी विद्या त्या भोकात मावत होती.

गाडीला हिशेबाने जो जेट बसायला हवा, त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा बसवायचा, ही त्यांची खोड. गिऱ्हाइकं थट्टा करत, "मास्तरांच्या हाताखालून गाडी गेली की पेट्रोल पंपवाला खुर्चीवरून उठून उभा राहतो." मास्तर हसून सोडून देत. कारण फक्त बायकोला आणि मुलीला ठाऊक होतं. पंचविशीत असताना त्यांनी एका जिवलग मित्राच्या प्रवासी गाडीला पेट्रोल वाचावं म्हणून बारीक जेट बसवले होते. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून भाजून निघतं. भर चढावर पिस्टन वितळून त्याला भोक पडलं, इंजिन जागीच जाम झालं आणि गाडी भिंतीवर गेली. मित्राचा उजवा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्याने मास्तरांना एका शब्दानं बोल लावला नाही. मास्तरांना तेच जास्त लागलं. तेव्हापासून त्यांचा हात सैल झाला तो झालाच.

गॅरेज घराला लागूनच होतं. लांबट खोली, समोर शटर, उत्तरेच्या भिंतीत वर एक मोठी खिडकी आणि तिच्या उजेडात कामाचं टेबल. मागच्या दारातून दोन पायऱ्या चढलं की थेट स्वयंपाकघर. बायकोला ओट्याशी उभं राहून दोघांचीही डोकी दिसायची, नवऱ्याचं विरळ झालेलं आणि मुलीचं करकचून बांधलेलं. मुलीला घरात पिटू म्हणत. सव्वीस वर्षांची झाली, गॅरेजची अर्धी मालकीण झाली, तरी पिटूच. पदविका घेऊन आली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "कागद भिंतीला लाव आणि हात काळे कर." तिनं दोन्ही केलं. फरक एवढाच, की बाप कानानं गाडी ऐकायचा आणि लेक जे ऐकायची ते वहीत उतरवायची.

"तुझी वही गाडीला वाचून दाखव, बघ सुधारते का," मास्तर चिडवत.

"तुमचे कान धुवून घ्या, मग मला शिकवा," ती फटकन म्हणायची. आतून आईची हाक यायची, "दोघंही हात धुवा आणि जेवायला या, मग काय ते भांडा."

अशात एक दिवस दातांचे डॉक्टर त्यांची जुनी गाडी घेऊन आले. कोणा हौशी माणसानं तिला टर्बो बसवून दिला होता. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनमध्ये हवा कोंबतो आणि गाडीला दुप्पट जोर येतो. यायला हवा. डॉक्टरांच्या गाडीला मात्र नेमका तेव्हाच ठसका लागायचा.

"सगळे म्हणतात कार्बोरेटर काढून टाका, आता कोण वापरतं," डॉक्टर म्हणाले. "मी दात किडला म्हणून जबडा बदलत नाही हो."

मास्तरांनी मान हलवली. "टर्बो आणि कार्बोरेटर ही सवतींची जोडी आहे. मला नाही जमायचं."

"मला जमेल," पिटू म्हणाली.

चार महिने ती त्या गाडीत बुडाली होती. एकदा जेवताना आईला समजावत होती. पेल्यात सरबत आणि त्यात नळी. "आई, नळीनं ओढलंस की सरबत वर येतं ना? कार्बोरेटरचं तेच. आता उलटं कर, नळीत वरून फुंक."

आईनं फुंकलं. सरबत खाली बसलं आणि बुडबुडे आले.

"बघ! टर्बो फुंकतो, म्हणून पेट्रोल वर यायचं सोडून मागे दबतं. मग मी काय करणार? कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीवर, म्हणजे या पेल्यावर, झाकण बसवणार आणि जेवढा जोर नळीत, तेवढाच पेल्यातही फुंकणार. दोन्हीकडे जोर सारखा, की पेट्रोल पुन्हा शहाण्यासारखं वर."

"हे माझ्या सरबतानं शिकवलं तुला?" आई म्हणाली. मास्तर भाताकडे बघत होते, पण घास तोंडाशी थांबला होता. तीस वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं एक बारीक नळी ओढून तो जोर कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत नेला. मग दुसरीच अडचण निघाली. वाटीत पेट्रोलची पातळी राखणारी पोकळ पितळी डबी तरंगत असते. ती त्या जोरानं चेपून डब्यातल्या पापडासारखी झाली. पिटूनं भरीव डबी शोधून आणली. वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या पंपाचा जोर टर्बोबरोबर वाढेल अशी सोय केली. शेवटी उरले जेट. रोज एक नंबर बदलायचा, गाडी चढावर न्यायची, परत येऊन इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढायचे आणि त्यांच्या टोकाचा रंग बघायचा. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, भाजलेल्या बिस्किटासारखा झाला की जमलं. एका दुपारी ती प्लग हातात घेऊन दोन पायऱ्या एका उडीत चढली. "आई, बिस्कीट!"

मास्तरांनी प्लग खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला. "ठीक आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप होतं, हे पिटूला कळायचं.

डोंगरावरचा रस्ता वर्षातून एक दिवस बंद करून तिथे गाड्यांची चढाईची शर्यत होत असे. शर्यतीच्या गाड्या तयार करणारं एक नावाजलेलं वर्कशॉप होतं, त्याच्या प्रमुख बाई ती बघायला येत. पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिटूच्या कामाची बातमी ऐकून एकदा गॅरेजमध्ये येऊन ती नळी, ती डबी सगळं निरखलं होतं. जाताना म्हणाल्या, "ही गाडी वरपर्यंत आण. आणलीस की पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे ये." त्या रात्रभर पिटूला झोप आली नसावी. सकाळी तिचे डोळे लाल आणि तोंड हसरं होतं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ नकार दिला. "मी दात उपटतो, डोंगर नाही. जिनं बनवली तिनं चालवावी."

पिटू चालवणार म्हटल्यावर मास्तर त्या गाडीभोवतीच घुटमळू लागले. बायकोला काही बोलले नाहीत. चढाईच्या दोन दिवस आधी, पिटू बाहेर गेली असताना, त्यांनी मुठीत धरायच्या बोटभर लांब ड्रिलनं दोन सुट्या जेटची भोकं मोठी केली. पिटूनं दीडशे नंबर बसवला होता, यांनी एकशे साठ केला. हातानं चुरचुर भोक वाढवताना स्वतःला सांगत होते, असू देत खिशात, काय बिघडतंय.

चढाईच्या सकाळी त्यांनी तो रस्ता पाहिला. कडेला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि त्यापलीकडे नुसतं धुकं. पिटू कागदांवर सही करायला तंबूत गेली होती. हेल्मेट गाडीच्या टपावर होतं. मास्तरांना मित्राचा वाकडा हात दिसला. त्या कार्बोरेटरचे जेट बाजूचा बोल्ट काढून बदलता येत. तीन मिनिटांचं काम. खिशातले जेट बसवून, बोल्ट आवळून हात पुसला तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटलं, की पिटू आली तेव्हा त्यांनी स्वतः तिच्या हनुवटीखालचा पट्टा लावून दिला.

"घाबरलात का?" तिनं विचारलं.

"मी कशाला घाबरू?"

पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्यापाशी टर्बोनं जोर घेतला आणि इंजिनचा आवाज बदलला. डोंगरावर शेकडो माणसं होती, पण ते सगळ्यात आधी मास्तरांना ऐकू आलं. गुळण्या केल्यासारखा आवाज. मग काळा धूर. तिसऱ्या वळणावर गाडी दोन आचके देऊन उभी राहिली. कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी हसलं. चार माणसांनी ती कडेला ढकलली.

बाई चालत वर गेल्या, मास्तरही मागोमाग. बाईंनी एक प्लग काढायला लावला. टोक काळंकुट्ट, ओलं. "पेट्रोलमध्ये बुडवलीस गं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. "हात चांगला आहे तुझा. अंदाज कच्चा आहे. दोन-तीन वर्षं काम कर, मग बघू."

पिटूनं मान डोलावली. मास्तर हातभर अंतरावर उभे होते. आत्ता बोलायचं, त्यांना कळत होतं. तोंड उघडलंही. पण एवढ्या लोकांत, बाईंसमोर, लेकीच्या कामात बापानं चोरून हात घातला हे सांगायचं? घरी गेल्यावर सांगू, त्यांनी ठरवलं.

घरी आल्यावर पिटू हातपाय धुवायला आत गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला. मास्तर गाडीपाशी गेले आणि त्यांनी एकशे साठचे जेट काढून दीडशेचे परत बसवले.

हे त्यांनी का केलं, ते त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. तिनं उघडून पाहिलं असतं तर न बोलताच सगळं कळलं असतं, कदाचित म्हणूनच. पहिलं त्यांनी भीतीपोटी केलं होतं. हे दुसरं मात्र स्वतःला वाचवायला.

तासाभरात पिटूनं जेट काढले. नंबर पाहिला. दीडशे. भोकात सुई घालून मोजलं. बरोबर. मग ती डबीवर गेली, नळीवर गेली, पंपावर गेली. तीन आठवडे रोज. खिडकीतला उजेड इंजिनच्या खालच्या बाजूला पोचत नसे, तेव्हा ती म्हणायची, "बाबा, जरा टॉर्च धरा ना." मास्तर धरत. ती सांगेल तिकडे वळवत. एकदा ती गाडीखाली पडल्या पडल्या म्हणाली, "काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय. तुमच्या कानाला काय वाटतं?"

"होतं असं कधी कधी," मास्तर म्हणाले.

गाडी पुन्हा चढावर नेली. लोण्यासारखी गेली. प्लगचा रंग बिस्किटाचा. पिटू परत आली आणि किल्ली टेबलावर ठेवून स्टुलावर बसली.

"चांगली चालली ना?" आईनं दारातून विचारलं.

"तेच तर. काही न बदलता चांगली चालली. त्या दिवशी का नाही चालली, मला माहीत नाही. आणि मला कळणारही नाही." ती अगदी शांतपणे बोलत होती. "उद्या कोणाची गाडी अशीच भर रस्त्यात बंद पडली तर? जे मला दिसतच नाही, ते मी दुरुस्त कसं करणार?"

महिन्याभरात तिनं एका कुरिअर कंपनीत नोकरी धरली. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकायची. तिथून जवळ पडावं म्हणून खोली घेतली. वही टेबलाच्या खणात राहिली. जाताना वडिलांना वाकून नमस्कार करून तिनं सांगितलं, "माझ्यामुळे गॅरेजचं नाव गेलं. मनाला लावून घेऊ नका." मास्तर "छे गं" म्हणाले.

आठ महिने गेले. मास्तर जेवत होते, झोपत होते, गाड्या ऐकत होते. शिकवणं मात्र थांबलं होतं. गिऱ्हाइकं म्हणत, वय झालं. बायको म्हणत नसे. ती ओट्याशी उभी राहून त्यांचं एकटं डोकं बघायची आणि तिला वाटायचं, लेक गेल्याचं दुःख इतकं गप्प नसतं.

मग डॉक्टर गाडी घेऊन आले. वर्षाची साफसफाई करायची होती. वाटीत डबी किती उंचीवर बसवली होती ते बघायला मास्तरांनी खणातून वही काढली. उंची सापडली. पान उलटताना जेटचा तक्ता आला. रोजचे नंबर, रोजचे रंग, आणि शेवटी पिटूच्या बारीक अक्षरात दोन ओळी:

"हिशेबाने १४५. बाबांसाठी एक नंबर वर, १५०. (त्यांना सांगायचं नाही, फुशारतील.)"

मास्तर वही घेऊन स्वयंपाकघरात आले. बायको पीठ मळत होती. त्यांनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. ती मळायची थांबली नाही. हात चालत राहिले, पीठ केव्हाच मळून झालं होतं तरी.

"तिनं आधीच तुमचं ऐकलं होतं," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"तीन आठवडे ती त्या गाडीखाली झिजली. मी वरून बघत होते. तुम्हीही बघत होतात."

"हो."

"मग मला काय सांगताय? चपला घाला."

कुरिअर कंपनीच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना होता. जेवणाच्या सुट्टीत पिटू त्याच्या खालच्या पायरीवर डबा घेऊन बसायची. वडिलांना बघून ती दचकली. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे." ते तिच्याशेजारी बसले. खिशातून दोन जेट काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवले. तिनं सवयीनं नंबरच्या जागी पाहिलं. जुना नंबर खरवडलेला होता. एक जेट डोळ्याशी धरून तिनं आकाशाकडे बघितलं.

"एकशे साठ," ती म्हणाली. तिला सांगावं लागलं नाही. जिन्यावरून कोणीतरी खाली आलं, तिनं पाय आवरून वाट दिली.

"कधी बसवले?"

"तू सह्या करत होतीस तेव्हा."

"आणि काढले?"

"तू हातपाय धूत होतीस."

तिनं डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण तसंच होतं. "मला भीती वाटली गं," मास्तर म्हणाले. "तो कठडा इतकासा होता..."

"ते मला समजतं, बाबा. ते मी त्याच संध्याकाळी माफ केलं असतं. भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि माफ केलं असतं." ती आता त्यांच्याकडे वळली. "पण तुम्ही टॉर्च धरून उभे होतात. मी विचारलं होतं तुम्हाला. काय सुटतंय, विचारलं होतं."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना रडू येत होतं, पण आपण रडलो तर तिलाच आपल्याला समजवावं लागेल, एवढं त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"घरी चल," ते म्हणाले. "मी बाईंना सांगतो. डॉक्टरांना सांगतो. तुझा अंदाज पक्का होता. सगळ्यांना सांगतो."

"सांगा. सांगायलाच हवं." ती उठली. "पण मी नाही येणार. आता झाकण उघडलं की मी आधी काय बघेन, माहीत आहे? कोणी हात लावलाय का. तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी तेच बघत राहीन. तसं काम होत नाही, आणि तसं घरही होत नाही." एक पायरी चढून ती थांबली. "भोक सरळ पाडलंय. हात अजून स्थिर आहे तुमचा." जेट तिनं त्यांच्या हातात परत दिले आणि वर गेली.

मास्तर त्याच दुपारी बाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ती जागा भरली," म्हणाल्या. "तरी तिला म्हणावं, फोन कर." पिटूनं लगेच फोन केला नाही. चार महिन्यांनी केला असं बायकोला कळलं, पण पिटूचं आणि बाईंचं काय बोलणं झालं ते मास्तरांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

रविवारी पिटू येते. आईला भाजी चिरून देते, बापाची औषधं बघते, हसते, थट्टाही करते. मागच्या दाराच्या दोन पायऱ्या मात्र उतरत नाही.

मास्तर अजून काम करतात. आता जेट हिशेबाने जेवढा, तेवढाच बसवतात. कार्बोरेटर बंद करण्याआधी गिऱ्हाइकाला हाक मारतात आणि नंबर वाचायला लावतात. लोक वैतागतात.

"अहो मास्तर, आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

"ते राहू द्या," मास्तर म्हणतात. "नंबर मोठ्यानं वाचा."